चारशे बारा नंबरची पिन

"तीनच प्रश्न," पेटन म्हणाली. "कुठल्या सालच्या, कुठल्या खोलीत राहायचात, आणि तेव्हाची एखादी आठवण. पुढे त्याच बोलतात, तू नुसती मान हलव. आणि अशी फाशी जायला निघाल्यासारखं तोंड नको करूस गं!"

लॉरेलनं चहाचा कप उचलला. एक घोटही न घेता तो परत खाली ठेवून दिला.

कॉलेजातल्या त्यांच्या भगिनीमंडळाच्या घरात, जिथे सभासद मुली एकत्र राहत, तिथे आज जुन्या मुली जमल्या होत्या. जुन्या मुली म्हणजे चांगल्या साठीच्या बाया, प्रत्येकीच्या छातीवर मंडळाची सोन्याची पिन. पाच वाजता मेणबत्त्या लावून वर्षभरात गेलेल्या भगिनींची नावं वाचायची रीत होती. लॉरेलची आई डोरीन एप्रिलमध्ये गेली. यादीत तिचं नाव नव्हतं. सभासदांच्या नोंदींचं जुनं दप्तर तळघरात पाणी शिरून कधीच कुजलं होतं. आईच्या वेळच्या एकीनं तरी वहीत सही करून सांगायला हवं होतं, की हो, ही आमच्यातली.

आणि लॉरेलला तर फोनवर पिझ्झा मागवतानाही घाम फुटायचा.

आई म्हणायची, "त्या घरात मी दोन वर्षं काढलीत. जिन्याची तिसरी पायरी करकरते, बघ." ती गेल्यावर तिच्या डब्यात पिन सापडली. आज लॉरेलनं स्वतःची पिन सोडून तीच लावली होती.

पहिल्या दोघींना काही आठवेना. "डोरीन? नाही गं बाई." तिसरी, रोंडा, जरा विचारात पडली. "एक डोरीन होती खरी. पण ती तर..."

"रोंडा, तुझा चहा पार गार झाला," शेजारची बाई म्हणाली. "जा, दुसरा घे."

रोंडा गेली. ती बाई लॉरेलकडे वळली. "मी ग्वेन. शहाऐंशी सालची. बस इथे." तिच्या छातीवर पिन नव्हती.

"तुम्ही... कुठल्या खोलीत..."

"प्रश्न पाठ करून आलीस ना? आम्हीही करायचो. ते राहू दे. आईबद्दल सांग."

मग लॉरेल जी सुटली! दवाखाना, शेवटचा आठवडा, रविवारचा लिंबाचा केक, सगळं तिनं सांगून टाकलं. आपण अनोळखी बाईशी बोलतोय हे ती विसरूनच गेली.

"शिट्टी वाजवायची ती," ग्वेन मध्येच म्हणाली. "हात पिठात आणि तोंडानं शिट्टी."

"हो! हो!" लॉरेलला रडू फुटलं. सहा महिन्यांत आईला ओळखणारं कुणी भेटलंच नव्हतं. "मैत्रिणी होतात तुम्ही?"

"या घरात मला ती एकच होती."

ग्वेननं पिन बघायला मागितली. प्रत्येक पिनेमागे त्या मुलीचा नंबर कोरलेला असतो. "चारशे बारा," ती म्हणाली, चष्मा न लावताच. मग तिनं पिन लॉरेलच्या छातीवर परत सरळ लावून दिली.

पेटन वही घेऊन आली. ग्वेननं सही केली.

"तुमचा नंबर?"

"आठवत नाही."

"आणि पिन?"

"कॉलेजात असतानाच गेली."

"धन्य आहात तुम्ही जुन्या मुली!" पेटन हसली.

पाच वाजता मेणबत्त्या लागल्या. "आमची भगिनी, डोरीन," पेटननं वाचलं, आणि चाळीस बायकांनी ते नाव एका आवाजात म्हटलं. रोंडानं ग्वेनकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. लॉरेल सगळ्यांदेखत रडली. तिला फार हलकं वाटलं.

निघताना ग्वेन दिवाणखान्याच्या दारात थांबली. अडतीस वर्षांपूर्वी इथेच, यांतल्याच काही बायकांसमोर तिला विचारलं होतं, तुझी पिन कुठंय? पिन बाहेरच्या कुणाला दिली, तर मंडळातून हकालपट्टी ठरलेली. "स्वयंपाकघरातल्या डोरीननं चोरली," ग्वेन म्हणाली होती. झडतीत पिन सापडली नाही, तरी डोरीनला त्याच दुपारी हाकललं. तिनं ग्वेनचं नाव कुणाला सांगितलं नाही. आदल्या रविवारी ग्वेननंच ती पिन स्वतःच्या हातांनी तिच्या एप्रनला लावून दिली होती.