पांढरी सीट

दातांच्या डॉक्टरने घरात सभाच बोलावली. लग्नाआधीपासूनची लाडकी स्पोर्ट्स कार ठेवायची, की विकून नवी घ्यायची? बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. सख्खा बाप गेला तेव्हा ज्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो आज गाडीसाठी नाक ओढत होता!

"पोटच्या पोरीसारखी जपलीय तिला. पांढऱ्या सीटवर आजवर एक डाग पडू दिला नाही," म्हणत त्याने मुलीकडे पाहिलं. "तूच सांग बेटा, एवढी माया तोडायची कशी?"

बायकोने हातातला टॉवेल फटकन झटकला.



"तिला काय विचारता? मला कळा सुरू झाल्या, तेव्हा तो डाग पडू नये म्हणूनच तर तुम्ही टॅक्सी बोलावलीत. टॅक्सीतच जन्मली ती!"