निचऱ्याला लागणारा वेळ

"प्लग काढल्यावर आत करंट किती वेळ राहतो?"

बाईने हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मिस्त्रीने हातातली सोल्डरिंग गन बाजूला ठेवली.

तीस वर्षं तो व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या गिटार अँप्लिफायरची, त्याच्या भाषेत पेट्यांची, माहिती गोळा करत होता. कुठल्या पेटीत कुठला ट्रान्सफॉर्मर, कुठल्या टोकाला किती व्होल्ट, कुठला कंडेन्सर कधी फुगतो. भिंतभर फायली झाल्या होत्या. लांबलांबून लोक विचारायला येत. कुणाला चुकीचा आकडा सांगितला, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

पण ते लोक आवाजाबद्दल विचारायचे. ही बाई आवाजाबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये होती. डोळ्याखालचा डाग पिवळा पडत चालला होता, ओठावरचा ताजा होता. सहा-एक वर्षांची मुलगी तिच्या पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी होती.

"बोटांना काय झालं?"

"दारात सापडली."

"दार भलतंच तापट दिसतंय तुमचं."

बाई हसली नाही. मुलगीच म्हणाली, "बाबांनी लावलं दार. दोनदा."

"गप गं," बाई म्हणाली आणि तिने वही पुढे सरकवली. पेटीच्या पाठीवरचे सगळे आकडे तिने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवून आणले होते.

मिस्त्रीने फाइल काढली. मॉडेल दुर्मीळ होतं, पण एक गोष्ट पानावर लाल शाईने लिहिलेली होती. बनवणाऱ्याने आत साठलेल्या करंटचा निचरा व्हायची सोयच ठेवली नव्हती. प्लग काढून ठेवलेली ही पेटी दुसऱ्या दिवशीही माणसाला उचलून भिंतीवर आपटू शकते. मिस्त्रीचे पुढचे दोन दात असल्याच एका पेटीने घेतले होते, आणि त्याच्या उस्तादाचा तर जीव.

"वाजवतं कोण?"

"हे. कार्यक्रमांना. मधेच आवाज जातो, मग ह्यांचं डोकं फिरतं."

"मग पेटी घेऊन पाठवा की त्यांना इकडे."

"परक्याचा हात लागू देत नाहीत." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, माणसाच्या वजनावर असतं का हो ते? म्हणजे माणूस केवढा आहे, त्यावर?"

मिस्त्रीने फाइलवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"नवरा केवढा आहे तुमचा?"

"दारातून वाकून यावं लागतं."

 मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीनेही एका दुपारी नवऱ्याचं डोकं लोखंडी पाइपने फोडलं होतं. मेला तो सुटला. बहीण चौदा वर्षं आत राहिली, आणि तिच्या पोरांना नातेवाइकांनी चेंडूसारखं ह्या घरातून त्या घरात टोलवलं. त्या वेळी कुणी तिच्या हातातला पाइप काढून घेतला असता तर?

त्याने फाइल मिटली.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. मग तिच्यात आणि लाकडी खोक्यात काही फरक नाही. मुंगीही मरायची नाही."

"नक्की ना?"

"तीस वर्षं हेच करतोय मी."

बाईचे खांदे एकदम खाली आले. तिने वहीत 'पाच' लिहिलं. बेत फसला बिचारीचा, मिस्त्रीने मनात म्हटलं.

निघताना त्याला राहवलं नाही. "ताई, भलतंसलतं डोक्यात आणू नका. पोरीकडे बघा जरा."

"तिच्याकडेच तर बघतेय, काका," ती म्हणाली.

त्या दिवशी मिस्त्री दोन घास जास्तच जेवला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाइल जागेवर ठेवताना लाल शाई पुन्हा डोळ्यांपुढे आली. खोटं चांगल्यासाठी बोललं, तरी आकडा चुकीचा तो चुकीचाच. पेटी तशीच भरलेली होती. त्याने निचऱ्याची वायर आणि चिमटा पिशवीत टाकला. नवऱ्याशी गोड बोलून आपणच ती रिकामी करून यायची, म्हणजे कुणाच्याच जिवाला घोर नको. विचारायला येणारा प्रत्येक जण नोंदवहीत पत्ता लिहून जायचा. तिनेही लिहिला होता.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावरच त्याला आवाज ऐकू आला. काहीतरी फुटलं. मग थप्पड, मग भिंतीवर कुणीतरी आपटल्याचा धप्प आवाज. शेजारच्या दाराआड टीव्ही मोठा झाला.

मिस्त्री गुडघ्यांची पर्वा न करता धावत सुटला.

दार साखळीवर अडकवलेलं होतं. चार बोटांच्या फटीतून आतलं सगळं दिसत होतं. टेबलावर पेटी उलटी ठेवलेली, पाठ उघडी, प्लग जमिनीवर. नवरा मनगटाला घड्याळ बांधत होता.

"तासाभरात स्टेजवर उभं राहायचंय मला! आतली ती तार दाबून बसवल्याशिवाय आवाज येत नाही. माझा पंजा आत मावत नाही, तुझा उजवा हात कामातून गेला, डावा धड चालत नाही. मग कुणाचा घालू? शेजाऱ्यांचा?"

स्टुलावर मुलगी उभी होती. तिची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती.

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण जिन्याने सगळा श्वास खाऊन टाकला होता.

बाईने भिंतीवरच्या घड्याळावरची नजर काढली, नाकातून आलेलं रक्त मनगटाने पुसलं आणि मुलीच्या केसांवरून डावा हात फिरवला.

"घाबरू नकोस, सोन्या. पाच मिनिटं झाली. मी नीट विचारून आलेय. घाल हात."