अगदी सारखे दोघे

"या दोघांत काहीतरी फरक असलाच पाहिजे," मोनाली पुटपुटली आणि तिनं लॅपटॉप बाकावर जवळजवळ आपटलाच.

समोर व्यंकटराव काठी टेकत व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कडुबा बसले होते. त्यांचा उजवा हात परक्याचा असावा तसा मांडीवर पडला होता. दोघांनाही एकाच आठवड्यात लकवा मारला. वय तेच, साखर तेवढीच, उजवी बाजूच गेलेली. एक खुलताबादचे, दुसरे सोयगावचे. पेन्शनसुद्धा जवळपास सारखी. फक्त संभाजीनगरच्या या इस्पितळातल्या खास व्यायाम कक्षात व्यंकटरावांना जागा मिळाली आणि कडुबांना मिळाली नाही.

कक्ष महागडा होता. त्यावरचा पैसा सार्थकी लागतो का, हे मोनालीला अभ्यास करून सांगायचं होतं आणि अहवाल उद्यावर आला होता. कक्षातले पेशंट बाकीच्यांपेक्षा लवकर चालू लागतात, हे कोणीही सांगितलं असतं. पण मुळात कमी आजारी माणसंच तिथं जात असतील तर? म्हणून तिनं कक्षातल्या प्रत्येकासाठी बाहेरचा एक हुबेहूब जोडीदार शोधला होता. व्यंकटरावांची जोडी कडुबांशी लागली होती. जोड्या झकास जुळल्या, तरी सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. माणसं इतकी सारखी, मग जागा एकालाच का? डॉक्टर म्हणत, खाट रिकामी होईल तशी देतो. एवढ्यावर तिचं समाधान होईना.

व्यंकटरावांची मुलगी उमा डबा घेऊन आली, तेव्हा मोनालीनं तिलाच गाठलं.

"जागा मिळाली कुठे? मी घेतली," उमा म्हणाली. "त्या नावनोंदणीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, जागा मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी वैतागून दिली त्यांनी." तेवढ्यात व्यंकटराव खुर्चीत टेकले. "बाबा, बसलात कशाला? अजून एक फेरी!"

व्यंकटराव निमूट उठले.

कडुबांची बायको मनकर्णाबाई पिशवी पोटाशी धरून खाली फरशीवर बसली होती. मोनाली तिच्याजवळ टेकली. "मावशी, यादीत तुमचं नाव तर व्यंकटरावांच्या आधी लागलंय. तुम्ही विचारलं नाही?"

"इचारलं की. थांबा म्हणले, थांबलो. लई इचारलं तं चिडतील, ताई. मंग आमच्या माणसाकडं कोण बघंल?" मग ती हळूच म्हणाली, "दिवस गेले की हात पुन्हा हलायचा नाय म्हणत्यात. व्हय का?"

खरंच होतं ते.

वय, साखर, पेन्शन, सगळ्यांचे रकाने तिनं केले होते. पेशंटसाठी भांडणाऱ्या घरच्या माणसाचा रकानाच केला नव्हता. ज्याच्या घरी असं माणूस, त्याला कक्ष मिळत होता. आणि असं माणूस घरी असलं की गोळ्या वेळेवर जातात, फेऱ्याही होतात, कक्ष असो नसो. उमानं बापाला घरच्या अंगणातही चालवलं असतं. मग गुण कक्षाचा की उमाचा? जोडी जुळलीच नव्हती. कदाचित एकही जुळली नव्हती.

तिनं फोन लावला. "सर, सगळं फिसकटलं. उद्या अहवाल देता येणार नाही."

अभ्यासाचे प्रमुख सुदर्शन सर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मुदत मी मागून घेतो. प्रत्येकाच्या मागे घरचं कोण धावतं, ते आता नव्यानं विचारू. पण मोनाली, तू फक्त बघायचं. मध्ये पडलीस की तो पेशंट अभ्यासातून बाद."

"हो, सर."

तेवढ्यात कक्षातला एक पेशंट पिशव्या घेऊन घरी निघाला. खाट रिकामी झाली. खिडकीशी लगेच गर्दी उसळली, एक तरुण सिस्टरशी हुज्जत घालू लागला. मनकर्णाबाई धीर करून उठली. खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"थांबा म्हणले," तिनं नवऱ्याला सांगितलं. कडुबांनी मान डोलावली.

मोनालीला भयंकर राग आला. कोणाचा, ते तिलाही कळेना. बहुतेक स्वतःचाच. तिनं लॅपटॉप उघडला, कडुबांचं नाव अभ्यासातून काढून टाकलं आणि ती गर्दीत घुसली.

"सिस्टर, कडुबांचं नाव सगळ्यांच्या आधीचं आहे."

सिस्टरनं वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर अभ्यासवाल्या ना? यांच्या कोण लागता?"

"लेक," मोनाली म्हणाली. "आणि जागा मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."