मशीनची सुट्टी

झेंडूची माळ मॉनिटरवरून दोनदा घसरली, तेव्हा भगवंतने ती कॉम्प्युटरच्या खालच्या डब्यालाच गुंडाळली. हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, मूठभर अक्षता टाकल्या. भिंतीवरचं बटण त्याने त्याआधीच बंद केलं होतं. सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस तो. दसऱ्याला मशीन पुसायचं, सजवायचं आणि थांबवायचं, एवढं त्याला कुणी शिकवायला नको होतं. वर्षभर राबणाऱ्या जिवाला एक दिवस सुट्टी नको?

दहाच्या सुमारास मृणालबाई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मराठी मंडळाच्या वाचनालयात धूळ खात पडलेले चार जुने कॉम्प्युटर त्यांनीच हौसेने अंगावर घेतले होते. दारातच त्या थबकल्या.

"भगवंतदादा, हा बंद कुणी केला?"

"मीच. दसरा ना आज, बाई!" शाबासकी मिळणार म्हणून भगवंत हसला.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, सकाळी डोकावून गेले तेव्हा शहाण्णव टक्के झालं होतं हो."

हे काम काय आहे ते भगवंतला पुरतं माहीत होतं. क्षयावरच्या नव्या औषधाचा शोध चाललाय, त्याच्या हिशेबाचे लाखो तुकडे केलेत, आणि जगभरात कुणाकुणाच्या घरी रिकामे बसलेले कॉम्प्युटर एकेक तुकडा सोडवून परत पाठवतात, असं बाईंनी सांगितलं होतं. "म्हणजे लग्नघरच्या पापडांसारखं," तो म्हणाला होता, "गल्लीतल्या बाया थोड्या थोड्या लाट्या घरी नेतात आणि लाटून आणून देतात." बाई खूश झाल्या होत्या. भगवंतने स्वतः सहा महिने क्षयाच्या गोळ्या गिळल्या होत्या. वाचनालयाची राखण करता करता आपल्या हातून त्याच दुखण्यावर चार अक्षरं लिहिली जाताहेत, याचं त्याला फार अप्रूप होतं. गेल्या पंधरा दिवसांत त्या दोघांनी तीन मेलेल्या डब्यांचे सुटे भाग काढून चौथा उभा केला होता. कालच त्याने पहिला तुकडा हातात घेतला होता. आणि आज दुपारी बारापर्यंत तो पूर्ण झाला नाही, तर सगळंच भंगारात जाणार होतं. मंडळाच्या कार्यवाहांनी, जयवंतरावांनी, तसं एकट्या बाईंनाच बजावलं होतं.

"चुकलं माझंच," बाई म्हणाल्या. "बाराची मुदत आहे, हे तुम्हाला सांगून ठेवायला हवं होतं. मधेमधे केलेलं काम तो जपून ठेवतो म्हणे. पण हा म्हातारा परत उठेल का, कुणास ठाऊक."

तेवढ्यात जयवंतराव आलेच. मागे भंगार नेणारा टेम्पोवाला लखन.

"झालं का बाई? नाही ना? मग कोपरा मोकळा करा. संध्याकाळी सोनं वाटायला लोक येतील, इथे कॅरम मांडायचाय."

बाईंनी भगवंतकडे पाहिलं. चालू करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. दसऱ्याच्या दिवशी मशीन चालवणं त्याला किती जड जाईल, हे त्यांना कळत होतं. भगवंतने बाहेर बघितलं. लखनच्या टेम्पोलाही माळ होती, लिंबू-मिरची होती.

"तू आज चालवतोस रे टेम्पो?"

"पूजा केली की चालवतो, काका. उभा ठेवला की रुसतो तो."

भगवंतने डब्याला हात जोडले. "करा बाई चालू. माफी मी मागून घेतो."

बटण दाबलं. डबा घरघरला, कर्र कर्र वाजला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जयवंतरावांनी घड्याळ बघितलं.

"थांबा," भगवंत म्हणाला. गुडघ्यावर बसून त्याने डब्याला कान लावला, कारखान्यात सूत गुंडाळणाऱ्या चात्यांना लावायचा तसा. "परत दाबा. हं. पंखा अडकलाय."

एका बाजूचं झाकण कधीच हरवलं होतं. त्याने बटण बंद करायला लावून आत बोट घातलं, आणि पंख्याच्या पात्यामागून हळद लागलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. त्यानेच टाकलेली अक्षता! लाजेने त्याचे कान लाल झाले. लखन फिस्सकन हसला.

या वेळी पंखा फिरला. पडदा उजळला. बराच वेळ नुसताच निळा. मग आकडा आला: त्र्याण्णव.

"थोडा मागे आलाय," बाई म्हणाल्या, "पण शून्यावर नाही. दीड तास लागेल, जयवंतराव."

"बारा म्हणजे बारा," जयवंतराव म्हणाले. पण जायच्या ऐवजी ते खुर्ची ओढून तिथेच बसले, आणि अठ्ठ्याण्णव झाल्यावर 'आता बंद करू नका रे कुणी' असं पहिल्यांदा ओरडले तेही तेच.

बाराला सात मिनिटं असताना शंभर झाले. पडद्यावर एक ओळ आली. बाईंनी ती मोठ्याने वाचली: काम मिळालं, आभार. भगवंतने डोळे पुसले, आणि ते कुणी पाहिलं तरी त्याची काही हरकत नव्हती.

"जा बाबा लखन, फुकटचा खोळंबा झाला तुझा," जयवंतराव म्हणाले. "कॅरम अंगणात मांडू."

लखन गेला नाही. दारात डोकं खाजवत उभा राहिला.

"काका, रांधा गावाहून एका कंपनीचा भंगार माल उचललाय सकाळी. असलेच दोन कॉम्प्युटर पडलेत टेम्पोत. उतरवू का?"

भगवंतने डब्यावरची माळ सोडवली आणि तिचे तीन तुकडे करायला घेतले.