उपाशी डगला

लढाईमुळं कापड मिळेना, म्हणून मच्छे गावच्या नागुबाईनं घरातल्या चिंध्या गोळा करून लेकासाठी डगला शिवायला घेतला. रवळू खानापूरच्या रानात लाकूडतोडीला गेलेला, अन् तिथली थंडी हाडं फोडणारी. ठिगळाला ठिगळ जोडत तिनं वाकळेसारखा जाडजूड डगला उभा केला.

शेवटचं ठिगळ बसवताना शेजारची अक्काताई म्हणाली, "ह्या शेवटच्या ठिगळाखाली तांदूळ घातलंस न्हवं? वाकळ उपाशी ठेवू न्हाय."

"डगला हाय गं ह्यो. वाकळ न्हवं," नागुबाई हसली आणि तिनं दोरा दातानं तोडला.

सकाळी खुंटीवरच्या डगल्याला एक ठिगळ जास्त होतं. हिरवं, तिच्या नेसत्या लुगड्याचं. लुगड्याला तेवढंच चौकोनी भोक पडलेलं. झोपेच्या गुंगीत आपणच लावलं असेल, असं म्हणून ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी बाहीवर नवऱ्याच्या धोतराचा तुकडा आला.

मग मात्र तिनं शेवटचं ठिगळ उसवलं, मूठभर तांदूळ आत कोंबले आणि पुन्हा शिवलं. "खा बाबा," ती हळूच म्हणाली.

पुढची सकाळ शांत उजाडली. घरातलं एकही कापड फाटलेलं नव्हतं. हुश्श करून तिनं रवळूकडं धाडायला डगला खाली काढला आणि घडी घालण्यासाठी उलटा केला.

पाठीवर लाल ठिगळ होतं. रवळू जाताना बांधून गेलेल्या पटक्याचं.

टाके नागुबाईच्याच हातचे होते. दोरा मात्र तोडलेला नव्हता. तो उंबरा ओलांडून खानापूरच्या वाटेला लागला होता, आणि हळूहळू डगल्यात ओढला जात होता.