बाहेरची कडी

रोजच्याप्रमाणे सकाळी प्रवचनकारांनी दूध तापवलं, खिडक्या उघडल्या, दिवाणखान्यातली सतरंजी झटकली आणि जाताजाता मुलाच्या खोलीची बाहेरची कडी घट्ट बसली आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं. मुलाला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ते दार उघडलेलं नव्हतं. कधीकधी आत खुर्ची सरकल्यासारखा आवाज येई. तो नवराबायको दोघंही ऐकत आणि दोघंही गप्प राहत.

बायको चहा घेऊन मागेच उभी होती.

“आज कशावर बोलणार आहात?”

“आत्म्याला मरण नाही, म्हणून माणसाने निर्भय असावं, यावर.”

“गावभर लोकांचं भय घालवून येता,” ती म्हणाली, “आणि घरात पोटच्या पोराला बाहेरून कडी. अहो, तो आपल्याला काय करणार आहे?”

कपाला हात न लावता ते दाराकडे वळले.

“त्याची भीती नाही गं. दार बंद आहे तोवर तो आत आहे, असं वाटतं. उघडलं आणि आत कुणीच नसलं तर?”

तिने चहा खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

मोठ्या झालेल्या मुलाच्या खोलीत शिरताना ते पूर्वी ठोठावत, तसंच त्यांनी दार हलकेच ठोठावलं. थोडा वेळ थांबले. आणि उत्तर आलं नाही, तरी त्यांनी कडी काढली.