एकदा तरी कोरडं

गोणपाटाची खोळ हिलालच्या डोक्यावर नव्हती, गाठोड्यावर होती. गाठोडं नारळाएवढं, गळ्यात अडकवून छातीशी बांधलेलं. म्हसावदहून निघाला तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. शहाद्याच्या बाजारात शिरेपर्यंत त्याला चांगलाच जोर आला होता, आणि सायकलवर एक माणूस स्वतः भिजून आपल्या पोटाला खोळ घालून चाललाय हे बघायला लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले होते.

हिलालला लोकांच्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. भीती पावसाची होती. गाठोडं तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत कोरडं पोचायला हवं होतं.

कारण आजवर त्याच्या सायकलवरून काहीही कोरडं पोचलं नव्हतं. मागच्या चाकाला चिखलपत्रा नव्हता, त्यामुळे वरून पाऊस आणि खालून रस्ता, असं दोन्ही बाजूंनी सामान भिजायचं. साखर आणली तर घरी पाक पोचला. काड्यापेट्या आणल्या, त्या पुढचा उन्हाळा लागेपर्यंत पेटल्या नाहीत. बायकोसाठी, धनुबाईसाठी, लाल लुगडं आणलं, तर त्याचा रंग शेजारच्या पिठात उतरला आणि घरानं आठवडाभर गुलाबी भाकरी खाल्ली.

धनुबाईला ओल अजिबात खपायची नाही. हिंग, मीठ, वाती, सगळं डब्यात, डबा उतरंडीवर. पाऊस लागला की ती स्वतःही खाटेवरून उतरायची नाही. गुलाबी भाकरी मोडताना ती म्हणाली होती, "एकदा तरी काही कोरडं पोचाडी दाखाड." हिलाल हो म्हणाला होता. ते राहूनच गेलं होतं.

तो धर्मचंद शेठच्या कापडदुकानासमोर उतरला. शेठनं आत बोलावलं. हिलाल पत्र्याखालीच उभा राहिला. अंगावरून पाणी निथळतंय, गादी भिजेल, म्हणाला. शेठला ते पटलं. निदान टोपी तरी काढून पिळ, असं शेठनं सुचवलं, पण हिलालनं टोपी काढली नाही.

त्याला मेणकापड हवं होतं. शेठनं एका गठ्ठ्यावरचं फाडून दिलं. गुंडाळायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हिलालनं गाठोडं पत्र्याच्या आकड्याला टांगलं.

"आठे फळीवर ठेव ना," शेठ म्हणाला. "फळी कोरडी शे."

"नको शेठ. खाले ठेवानं नही."

"काय शे त्यामा? साखर?"

"धनुनं शे."

वहिनीचं नाव निघताच शेठच्या सगळं ध्यानात आलं. लुगड्याची गोष्ट साऱ्या बाजाराला ठाऊक होती. आत पळसाची पानं, त्यावर मेणकापड, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून, एवढी बांधाबांध पाहून शेठला नवऱ्याची दया आली.

"आते भिजनं, तं वहिनी घरमा घेणार नही तुले."

"काहीच बोलाव नही ती," हिलाल म्हणाला.

अबोला सगळ्यात वाईट, असं शेठ म्हणाला आणि स्वतःच्या घराकडे एकदा बघून घेतलं.

प्रकाशाच्या अलीकडच्या नाल्याला पाणी आलं होतं. पलीकडे खात्या नावाचा गुराखी म्हशी घेऊन थांबला होता. थांब म्हणून त्यानं हात केला. पण वरचं आभाळ काळं झालं होतं. थांबलं तर नाला अडवणार, आणि मेणकापड रात्रभर दम धरेल याची खात्री नव्हती. हिलालनं एका हातानं सायकल धरली, दुसऱ्या हातानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरला.

मध्यावर पाय घसरला. पाणी गळ्याशी आलं. दोन्ही हातांनी धरावं अशी एकच गोष्ट त्याला वाचवता येणार होती. त्यानं सायकल सोडली. ती दोनदा उलटली, घंटी एकदा वाजली, आणि मग तीही तापीच्या दिशेनं निघाली, त्याच्याआधी पोचायची घाई असल्यासारखी.

खात्यानं त्याला काठावर ओढलं. मग बराच वेळ वाहत्या सायकलीकडे बघत राहिला.

"सायकल सोडी दिन्ही आणि गाठोडं धरं? सोनं शे का?"

"नही."

"मंग?"

हिलालनं मेणकापडाखाली बोट घालून पाहिलं. त्याला धाप लागली होती.

"कोरडं शे," तो म्हणाला.

खात्यानं यावर विचार केला आणि म्हशींकडे गेला.

पुढची वाट हिलाल चिखलातून पायी चालला. प्रकाशाच्या घाटावर पोचला तेव्हा पाऊस ओसरला होता, तापी मातकट होऊन भरून वाहत होती. पिंपळाखाली उभ्यानंच त्यानं ट्यूबची पट्टी सोडली, मेणकापड सोडलं, पळसाची पानं एकेक करून बाजूला केली. आत लाल लुगड्याचा तुकडा होता. त्यावर त्यानं तळहात ठेवला. कुठंही ओल नव्हती.

"देख," तो हळूच म्हणाला. "पोचाडं."

मग त्यानं टोपी काढून ताज्या भादरलेल्या डोक्यावर एक ओंजळ पाणी घेतलं, कमरेइतक्या पाण्यात उतरला, लुगड्याची गाठ सोडली आणि धनुबाईला तापीत सोडून दिलं.